मोरी (लहान शार्क मासा) घरी साफ केली, पण वास काही गेला नाही. नक्की कुठे चुकलं?

गळवाला_पुणे

नमस्कार मंडळी.

मी देशावरचा. घरात मासे म्हणजे सुरमई नाहीतर पापलेट, तेही कोळणीकडून तुकडे करून आणलेले. दोन वर्षांपासून गळ टाकायला शिकतोय. गेल्या महिन्यात मालवणला चार दिवस होतो. ओळखीच्या एका होडीवाल्या दादांबरोबर पहाटे साडेपाचला बाहेर पडलो. गळाला बांगड्याचा तुकडा लावला होता. साडेसातच्या सुमारास अशी ओढ लागली की हातातली दोरी सरसर सुटायला लागली. दहा मिनिटं झटापट करून वर घेतली तर मोरी. पाठ करडी, पोट पांढरं, नाक टोकदार, लांबी अडीच फूट. काट्यावर दोन किलोला थोडी कमी भरली.

दादांनी ती प्लास्टिकच्या टबात टाकली. टबात थोडं समुद्राचंच पाणी होतं. आम्ही अकरापर्यंत बाहेर होतो. बर्फ नेलाच नव्हता. खोलीवर येऊन आंघोळ-जेवण करून मी दोननंतर ती साफ करायला घेतली. पोट फाडलं, डोकं आणि पर कापले, आडवे तुकडे केले. नवी कोरी सुरी चार-पाच कापांत बोथट झाली. खवलं काही दिसेनात, म्हणून कातडी तशीच ठेवली. लिंबू, हळद, मीठ लावून तासभर मुरवलं.

तव्यावर तुकडे टाकले आणि खोलीभर एस्टी स्टँडवरच्या मुतारीसारखा वास सुटला. दुसरी उपमा सुचत नाही, माफ करा. तोंडात घातल्यावर दाताखाली वाळू कचकचली. बायकोने एक घास खाऊन ताट सारलं. आठ वर्षांची मुलगी सकाळी किनाऱ्यावर त्या मोरीच्या पाठीवरून हात फिरवत होती. "बाबा, इकडून मऊ लागतं आणि तिकडून टोचतं," असं चार वेळा सांगून झालं होतं तिचं. तिने खायलाच नकार दिला.

मला वाईट याचं वाटतंय की एक जीव मारला आणि तो वाया घालवला. पुन्हा असं व्हायला नको. तर हा वास येतो कशाने? त्या कातडीचं काय करायचं? मुलीसाठी कातडी नसलेले, सरळ लांब तुकडे काढता येतात का? आणि मोरी धरणं मुळात कायद्यात बसतं का? अर्धी मोरी बर्फात घालून पुण्याला आणली, ती अजून फ्रीजरमध्ये आहे. तिचं काय करू तेही सांगा.

रस्सेदार

लिंबू कमी पडलं असणार. आम्ही मुशीला (मोरीलाच मुशी म्हणतात) व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवतो, नाहीतर आंबट ताकात. मग आलं-लसूण भरपूर. वास राहत नाही.

दांडीची_काकू

रस्सेदार, आंबटाचा उपयोग आहे, पण तो ताज्या मोरीला. गळवाला यांची मोरी दुपारी दोनला जेव्हा पाटावर आली तेव्हा लिंबाच्या हातात काही उरलं नव्हतं. ती सकाळी आठलाच बिघडायला लागली होती. मोरीचा वास घालवायचा नसतो, धरू द्यायचा नसतो, आणि त्याची वेळ होडीवरच असते.

माझं माहेर कुडाळचं. मालवणच्या किनाऱ्यावर दांडीला लग्न होऊन आले त्याला ३६ वर्षं झाली. माहेरी नदीची मासळी आणि बाजारचा बांगडा, एवढीच ओळख. पहिली मोरी हातात घेतली ती सासूबाईंच्या समोर, मागच्या पडवीत. मी म्हटलं, आधी भाकऱ्या करून घेते. त्यांनी परात हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "मोरी कोणाची वाट बघणा नाय." बांगडा, पेडवे, सौंदाळे घटकाभर टोपलीत राहिले तर चालतात. मोरी आणि वागळी (पाकट) आल्या की आमच्या घरात हातातलं काम बाजूला पडायचं.

त्याचं कारण मला फार उशिरा कळलं, मुलगा रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकायला गेला तेव्हा. समुद्राचं पाणी खारट, ते माशाच्या अंगातलं पाणी ओढून घेत असतं. बाकीचे मासे समुद्राचं पाणी पितात आणि जास्तीचं मीठ बाहेर टाकतात. मोरी आणि वागळी मात्र रक्तात आणि मांसात युरिया साठवतात, म्हणजे अंगातला रस बाहेरच्या पाण्याच्या तोडीचा राहतो. आपण लघवीवाटे टाकतो तोच हा युरिया. मांसात शेकडा दोनच्या आसपास असतो. मोरी जिवंत असते तोवर त्याचा वास नसतो. मेल्यावर जंतू त्याचा अमोनिया करायला घेतात, आणि ऊब मिळाली की भराभर करतात. तुमच्या टबातलं पाणी उन्हाने कोमट झालं असणार. पोट बंद, रक्त आत, बर्फ नाही, आणि मध्ये साडेसहा तास गेले. तुम्ही मुतारी म्हणालात ते अगदी बरोबर ओळखलंत, वास त्याच वस्तूचा आहे.

आता पुढच्या वेळी कसं करायचं ते सांगते.

निघतानाच बर्फाची पेटी न्यायची. जितकी मासळी मिळेल असं वाटतं तेवढ्या वजनाचा तरी बर्फ हवा. मोरी वर आली की एक हात डोक्यामागे आणि दुसरा शेपटीच्या मुळाशी ठेवून दाबून धरायची. नुसती शेपटी धरून उचलू नका. तिच्या अंगात हाड नसतं, सगळी कुर्ची, त्यामुळे ती वेटोळं होऊन सरळ मनगटाला चावते. आमच्या दिरांच्या अंगठ्याजवळ अजून व्रण आहे. डोळ्यांच्या मधोमध वरून लाकडाचा एकच पक्का फटका द्यायचा. तडफडत ठेवू नये, ते जिवालाही वाईट आणि मांसालाही. फटक्यानंतरसुद्धा तोंडाजवळ बोट न्यायचं नाही, जबडा मिटतो.

लगेच कल्ल्यांच्या चिरांमागे खालून खोल कापायचं आणि शेपटीच्या मुळाशी एक काप द्यायचा. शेपटीला दोरी बांधून डोकं खाली ठेवून होडीच्या कडेला टांगायची. पाच-दहा मिनिटांत रक्त निथळतं. ते गेलं की त्याच्याबरोबर काही युरियाही गेला. हे एवढं करायला होडीवर कोणी कंटाळा केला की तिथेच घात होतो.

मग पोट. तुमची सुरी बोथट झाली, कारण तुम्ही ती कातडीवरून आत चालवलीत. तुमच्या लेकीने बरोबर ओळखलंय की डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर मऊ आणि उलटा फिरवला तर टोचतं. ती नेहमीची खवलं नव्हेत, दातांसारखेच बारीक बारीक काटे आहेत आणि सगळ्यांची टोकं शेपटीकडे वळलेली. वाळवलेल्या कातडीने पूर्वी लाकूड घासायचे, इतकी ती खरखरीत. म्हणून सुरीचं टोक मागच्या भोकातून आत घालायचं, धार वर ठेवायची आणि आतून बाहेर कापत गळ्यापर्यंत यायचं. धार टिकते आणि आतडंही फुटत नाही.

पोट उघडलं की आधी कलेजी दिसते. दोन लांब, फिकट पाकळ्या, जवळजवळ सगळं पोट व्यापलेल्या आणि हाताला तेलकट. मोरीला हवेची पिशवी नसते, ही तेलकट कलेजीच तिला पाण्यात हलकं ठेवते. हिचं तेल पूर्वी होडीच्या लाकडाला लावायचे. त्यात अ जीवनसत्त्व इतकं की दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाचं तेल बाहेरून येईना तेव्हा आपल्या देशात मोरीच्या कलेजीचं तेल औषधाला काढायला लागले. पण घरी मोठ्या मोरीची कलेजी खाऊ नका, ते जीवनसत्त्व जास्त झालं तर बाधतं. कलेजीत हिरवट पित्ताची पिशवी असते, ती न फोडता सगळं एकदम ओढून काढायचं. आतडं कापून बघा कधी, आत कागदाच्या गुंडाळीसारखा पीळ असतो. लेकीला दाखवा, मुलांना फार आवडतं.

आता ज्यात बहुतेक जण चुकतात ती गोष्ट. पोट रिकामं केल्यावर आत पाठीच्या कण्याला चिकटून, वरपासून खालपर्यंत, काळपट लाल पट्टा दिसतो. साकळलेलं रक्त समजून लोक तो वरवर धुतात आणि सोडून देतात. ती मोरीची मूत्रपिंडं. वर पातळ पापुद्रा असतो, तो सुरीच्या टोकाने उभा चिरायचा आणि चमच्याने कण्यालगतचं सगळं खरवडून काढायचं. अंगठ्याच्या नखाने कोपरे काढायचे. पाणी लाल येईनासं होईपर्यंत धुवायचं. तुमच्या फ्रीजरमधल्या तुकड्यांत कण्यालगत काळा डाग दिसतोय का बघा. असला तर ती राहून गेलीत. पोट साफ झालं की पोटात बर्फ भरायचा, वर बर्फ, खाली बर्फ, आणि घरी.

कातडी घरी काढायची. दोन-अडीच किलोपर्यंतच्या मोरीला आम्ही कातडी सोलत नाही, वाळू काढतो, म्हणजे तेच बारीक काटे. डोकं आणि पर कापून मोठ्या टोपात पाणी तापवायचं. खळखळतं नको, बुडबुडे यायला लागले की उतरवायचं. शेपटीकडचा भाग आधी बुडवायचा, वीस-तीस सेकंद, आणि नखाने खरवडून बघायचं. करडी साय सुटल्यासारखी वाळू सुटली की अख्खी मोरी तेवढाच वेळ बुडवून लगेच थंड पाण्यात टाकायची. मग पाटावर घेऊन काथ्याने किंवा करवंटीच्या कडेने शेपटीकडून डोक्याकडे घासायचं. राखाडी चिखल निघत राहतो आणि खाली पांढरीशुभ्र, गुळगुळीत कातडी राहते. पाणी जास्त गरम झालं किंवा मोरी जास्त वेळ राहिली तर कातडी मांसासकट फाटते, पहिल्या वर्षी माझ्या दोन मोऱ्या अशा गेल्या. पुन्हा डोळे मिटून तळहात उलटा फिरवायचा. कुठेही टोचलं तर तिथे पुन्हा घासायचं. डोळ्याला ही वाळू दिसत नाही, हातालाच कळते.

मग विळीवर बोटभर जाडीचे आडवे तुकडे. मधली कुर्ची राहू द्या, रश्श्याला तिची चव येते. तुकडे मिठाच्या बर्फगार पाण्यात वीस मिनिटं, पाणी ओतून पुन्हा, असं तीन वेळा. युरिया पाण्यात विरघळतो, तो यात बराच निघतो. शेवटी कोकमाचा आगळ चोळून अर्धा तास. रस्सेदार म्हणतात ते आंबट इथे कामाला येतं, थोडाफार अमोनिया झाला असेल तर तो मारतं.

कालवणाचं वेगळं काय सांगू. आमच्याकडे मोरीचं मटणच करतात, म्हणजे मटणासारखं कांदा-खोबरं काळपट भाजून वाटण, मालवणी मसाला, आणि आमसुलं मटणात नसतात ती इथे चार-पाच. तिरफळ बांगड्याला, मोरीला नाही. शेजारी गोव्यात आंबट तीक करतात, तेही सुंदर लागतं.

एक गोष्ट उरली. मोरी अंडी घालत नाही, पिल्लं देते. लग्नाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी मी एक मोरी फाडली तेव्हा आत हाताएवढी चार पिल्लं निघाली. डोळे उघडे, दात आलेले, आणि प्रत्येकाला नाळ. माणसाच्या बाळाला असते तशी. त्या वेळी मी स्वतः सात महिन्यांची होते. सासूबाईंनी सुरी माझ्या हातातून घेतली आणि मला आत पाठवलं. माशाची लाखो अंडी असतात, मोरीची पिल्लं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून गळाला पोट फुगलेली मादी आली आणि ती जिवंत असेल तर तार कापून सोडून द्या. नर ओळखायला सोपा, पोटाखालच्या परांच्या आतल्या बाजूला दोन बोटांसारखे अवयव असतात. मादीला नसतात.

गळवाला_पुणे

काकू, तीन वेळा वाचलं. आत्ता फ्रीजर उघडून बघितलं, कण्यालगत काळा पट्टा अगदी तसाच आहे. मी ते रक्त समजून नळाखाली धरलं होतं. आणि मोरी फाडताना आतड्याचा पीळ बघितलाच नाही, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून टाकलं.

दोन प्रश्न राहिले. कातडीशिवाय लांब तुकडे कोणी सांगेल का? आणि कायद्याचं?

वर्सोव्याचा_नाखवा

दोन्हींचं उत्तर देतो. काकूंनी सांगितलेलं सोनं आहे, त्यात काही कमी करण्यासारखं नाही.

आमच्याकडे मुशी म्हणतात. डोलीच्या जाळ्यात येते ती बहुतेक लहान, फावड्यासारख्या चपट्या तोंडाची. ती आम्हीही गरम पाण्यातूनच काढतो. चार-पाच किलोच्या पुढची असेल तर कातडी सोलायची, कारण ती जाड असते आणि वाळू घासून निघत नाही.

लांब तुकडे काढताना मुशी पोटावर पालथी ठेवा. डोकं आणि पर आधी काढलेले हवेत. पाठीवरच्या पराच्या जागेपासून कण्याच्या एका बाजूने सुरी खाली उतरवा. सुरी कुर्चीला टेकली की कळतं, आवाज बदलतो. कुर्चीला घासत घासत शेपटीपर्यंत जा, मग तोच काप खाली पोटापर्यंत. एक फळी सुटते. दुसरी बाजू तशीच. बोंबील, पाला (हिलसा) यांच्यासारखे बारीक काटे मुशीत नाहीतच, एकदा कणा निघाला की लहान मुलाला डोळे झाकून द्या.

आता कातडी. फळी कातडी खाली करून पाटावर ठेवा. पाटाखाली ओलं गोणपाट घाला, पाट सरकत नाही. शेपटीच्या टोकाला दोन बोटं मांस कातडीपर्यंत कापा, कातडी कापू नका. ते कातडीचं टोक जाडं मीठ लावून फडक्यात घट्ट धरा. सुरी जवळजवळ आडवी करा आणि सुरी ढकलण्याऐवजी कातडी डावी-उजवीकडे हलवत मागे ओढा. मांस आपोआप सुरीवरून पुढे जातं. लांब, लवचिक पात्याची सुरी हवी आणि बाजूला धारेचा दगड. कितीही जपलं तरी एका मुशीत दोनदा धार लावावी लागते.

कातडी निघाली की फळीच्या बाहेरच्या अंगाला, मधोमध, लालसर तपकिरी पट्टी दिसेल. तिला उग्र चव असते. दोन्हीकडून तिरका काप देऊन ती लांब उभी काढून टाका. राहील ते मांस पांढरं, किंचित गुलाबी, चकचकीत. पोटाकडचं पातळ मांस वेगळं ठेवा, ते उकडून कुस्करून कांद्या-मिरचीवर परता, मुशीचा खिमा. माझ्या मुलांना तो तळलेल्या तुकड्यांपेक्षा जास्त आवडतो.

कायद्याचं सांगतो, कारण आम्हाला रोज त्याच्याशी काम पडतं. सगळ्या मुशींवर बंदी नाही. तुम्ही वर्णन केलीत तशी मोरी बाजारात उघड विकली जाते. पण व्हेल शार्क, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके असलेला तो अजस्र मासा, २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाला जे संरक्षण तेच त्याला. त्याच वर्षी करवत मासा आणि काही मुशी-पाकटीही आल्या. कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि यादी आणखी वाढली. तेव्हा गळाला आलेली मुशी ओळखता आली नाही तर ती पाण्यातच सोडा, होडीत घेऊन मग विचार करू नका. पर तेवढे कापून धड समुद्रात टाकणं २०१३ पासून बंद आहे आणि परांची निर्यात २०१५ पासून. १ जून ते ३१ जुलै पावसाळी बंदी असते, ती यांत्रिक नौकांना आहे, पण अंडी-पिल्लांचा काळ म्हणून आम्ही कोणालाच त्या दिवसांत बाहेर जा म्हणत नाही.

जाळ्यात संरक्षित मासा आला आणि नाखव्याने जाळं कापून तो सोडला तर वनविभागाचा कांदळवन कक्ष जाळ्याची भरपाई देतो, २५ हजारांपर्यंत. जाळं कापताना हात थरथरतो हो, वर्षाची कमाई त्यात असते. पण ही भरपाई सुरू झाल्यापासून सोडायला मन धजतं. मी स्वतः एकदा कासव सोडलंय. पाण्यात पडल्यावर ते क्षणभर तसंच तरंगत राहिलं आणि मग एकदम खाली गेलं.

मेलबर्नकर_साताऱ्याची

इथल्या फिश अँड चिप्सच्या दुकानात 'फ्लेक' म्हणून जे मिळतं ती मोरीच, हे मला इथे येऊन चार वर्षं झाल्यावर कळलं. गमी शार्क म्हणतात तिला. दात टोकदार नसतात, फरशीसारखे चपटे, खेकडे फोडून खाण्यासाठी. मांस पांढरं, गोडसर, वासाचा मागमूस नाही, कारण इथले मच्छीमार काकूंनी सांगितलं तेच करतात. रक्त काढणं, डोकं-पोट काढणं सगळं होडीवर आणि लगेच बर्फात.

माझा नवरा हौसेने गळ टाकतो. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात माणशी दोनच ठेवता येतात आणि माप शेवटच्या कल्ल्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत किमान ४५ सेंमी हवं. किनाऱ्यावर येईपर्यंत फळ्या काढायच्या नाहीत, नाहीतर तपासणाऱ्याला मापच घेता येणार नाही. आपल्याकडे हौशी लोकांनी स्वतःहून असं काही पाळलं तर किती बरं होईल.

साफ करायचं ते मी इथे शिकले आणि रस्सा आईने फोनवर शिकवला. सुक्या खोबऱ्याचं वाटण, घाटावरचं काळं तिखट. मालवणच्या मोरीला कदाचित चालणार नाही, पण आमच्या घरी आता तेच होतं.

आहार_नाशिक

एक काळजीची गोष्ट. आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देतात. मोरी शिकारी मासा, तिच्या अंगात पारा साठत जातो. मोरी जितकी मोठी आणि जुनी, तितका जास्त. शिजवून, धुवून, आंबट लावून तो जात नाही. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना शार्क खाऊच नका असं सांगतं, लहान मुलांनाही. गळवाला, मुलगी आठ वर्षांची आहे म्हणून लिहिलं. एखाद वेळी चाखायला दोन तुकडे वेगळे, पण नेहमीसाठी तिला बांगडा, तारली द्या.

दांडीची_काकू

आहार_नाशिक, बरं झालं लिहिलंत. मलाही दोन्ही बाळंतपणांत मोरी दिली होती, लहान मोरीची कढी. इंग्रजीत या मोरीला मिल्क शार्क म्हणतात, तेही याच समजुतीवरून असं मुलगा सांगतो. सासूबाईंनी मायेने दिली आणि मी आनंदाने खाल्ली. पण गेल्या वर्षी सून बाळंत झाली तेव्हा मुलाने हेच पाऱ्याचं सांगितलं. मग तिला पेडव्यांचं सुकं दिलं, अळिवाची खीर दिली, आणि दूध भरपूर आलं. मोरी आम्ही तिच्यासमोर केलीच नाही, तिची फार आवडती आहे, उगीच जीव तुटला असता.

गळवाला, फ्रीजरमधल्या मोरीचं राहिलं. एक तुकडा बाहेर काढून नुसत्या पाण्यात उकळा आणि वाफेचा वास घ्या. डोळ्यांना झोंबलं तर ती खाऊ नका. झाडाच्या मुळाशी हातभर खोल खड्डा करून पुरा, आंबा किंवा नारळ असेल तर उत्तम. वर दगड ठेवा, नाहीतर कुत्री उकरतात. हलकासा वास असेल तर कण्यालगतचा काळा पट्टा खरवडून, मिठाच्या गार पाण्यात तीन वेळा ठेवून, आगळ लावून बघा. वाळूचं मात्र आता काही होणार नाही. गोठवलेल्या तुकड्याची कातडी गरम पाण्यात घातली तर मांस आधी शिजतं. कडेने सुरी फिरवून कातडीच काढून टाका.

आणि पुढच्या खेपेला दांडीला या. बर्फाची पेटी घेऊन या, लेकीलाही आणा. वाळू गेली की नाही ते तिच्याच हाताने बघायचं.